बिनफोडणीचं घर

गुरुवार, २ जानेवारी

पोचलो एकदाचे. रेणापूर ते नांदेड म्हणजे काही काशी नव्हे, पण सरांबरोबरचा प्रवास म्हणजे वाटेत भेटेल त्याची विचारपूस. अहमदपूरला चहाला थांबलो तर तिथंही एक जुना विद्यार्थी निघालाच. सर म्हणजे माझा नवरा. रेणापुरात लहानथोर सगळे त्यांना नरसिंग सर म्हणतात, लग्नानंतर वर्षभरात मीही त्याच रांगेत जाऊन बसले. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. शिकवत होते असं लिहिणार नाही, रजा घेतली आहे, एवढंच.

स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत गेलेला. लातूरच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की बरं होणं नाही, पण औषधांनी वेळ मिळू शकतो. सर म्हणाले, मिळेल तेवढा घेऊ. तो वेळ आणायला आम्ही इथं आलो आहोत. त्यात माझं काम एकच, यांच्या पोटात चार घास घालायचे. वजन टिकलं तर केमो सोसेल, असं डॉक्टरांनी मला बजावलं आहे.

विष्णुपुरीच्या अलीकडे खालच्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं ओटा मिळाला. धरणावरून गार वारा येतो. वर मालक राहतात, नासिरभाई आणि सालेहाआपा. आपांनी आल्या आल्या चहा पाठवला. सर लगेच कप परत द्यायच्या निमित्तानं गप्पा मारायला निघाले, मी दटावून बसवलं. परवा वेळ अमावस्येला शेतात स्वतः भाज्या-डाळींच्या भज्जीचे दोन चमचे खाल्ले आणि अख्ख्या गावाला जेवू घातलं. वर प्रत्येक पाहुण्याला फाट्यापर्यंत पोचवायला गेले! असतील शितं तर जमतील भुतं, असं मी म्हणते. पण पोचवायची खोड काही जात नाही. आज रेणापूरचं घर बंद करताना कुलपालाही म्हणाले, "येतो बरं का." जातो म्हणायचं नसतं, आणि हा माणूस कुलपाशीसुद्धा चुकत नाही.

हसत आलो आहोत. हसतच परत जाऊ.

रविवार, ५ जानेवारी

पहिली केमो झाली. घरी येताना कमरेला एक छोटा पंप बांधून दिला होता, त्यातून दोन दिवस औषध जात राहतं. सर त्याला माझी शबनम म्हणत होते. आज सिस्टरनी काढला. या औषधानं गार वस्तूला हात लावला की झटका बसतो, स्टीलचा पेला धरला तरी. फिजिक्सच्या मास्तरला त्याचीही गंमत वाटली. मी सगळे पेले आत ठेवून काचेचे काढले.

एक गोष्ट मात्र वाईट झाली. दुपारी वरणाला फोडणी दिली, मोहरी तडतडली आणि हे तोंड दाबून मोरीकडे धावले. पोटात होतं नव्हतं ते गेलं. डॉक्टर म्हणाले, वास सोसत नाहीत, साधं शिजवा. तर आजपासून फोडणी बंद, तळण बंद. बिनफोडणीचं वरण मी जन्मात केलं नव्हतं. चवीला मचूळ, पण वाटीभर खाल्लं. माझ्यासाठी तेवढं पुरे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सालेहाआपांना तिळगूळ दिला. सकाळी हातभर हिरव्या बांगड्या भरल्या आणि संध्याकाळी काढून ठेवल्या. काविळीनं यांच्या अंगाला सारखी खाज सुटते, पाठीला तेल लावताना काच लागली की कळवळतात. बांगड्या काय, बरं झाल्यावर भरू. आपांनी माझ्या मोकळ्या हातांकडे बघितलं.

घर यांच्या सोयीनं लावून टाकलं. पलंगावर पाठ दुखते म्हणून खाली जमिनीवर गादी घातली. खिडकीकडे पाय केले की वारा लागतो, तेवढंच बरं वाटतं. ट्यूबलाइट डोळ्यांना खुपते, म्हणून उशाशी पणती ठेवते. काल कपाटाच्या आरशात स्वतःचा पिवळा चेहरा बघून यांनी तोंड फिरवलं, तेव्हा आरशावर चादर टाकली. माझ्यासारखी गृहकृत्यदक्ष बाई नांदेडात दुसरी नसेल.

सोमवार, २० जानेवारी

आजार परवडला, भेटायला येणारे नकोत. रेणापूरचे येतात, लातूरचे येतात, विद्यार्थी येतात. डॉक्टरांनी जंतूंची भीती घातली आहे. त्यात कुणी दारातून "येतो सर" म्हणालं की हे भिंत धरून उठतात, पोचवायला. परवा ओट्यावर तोल गेला.

शेवटी दारावर कागद लावला. पेशंटजवळ बसू नये, चहापाणी होणार नाही, निरोप न घेता शांतपणे निघून जावे. सर रुसले. आपल्या घरून कोणी बिनचहाचं गेलं नाही, म्हणाले. मी म्हटलं, जाऊ दे थोडे दिवस, कोणी मरत नाही त्यानं. तोंडातून गेलं खरं.

रविवार, २६ जानेवारी

केस गळायला लागले, उशीवर झुपके. मुकुल सुट्टी काढून हैदराबादहून आला. बापाची हजामत करायला न्हावी बोलावला, तर पोरानं स्वतःचंही डोकं त्याच्यासमोर धरलं. सर नको नको म्हणत होते, पण डोळे भरले होते. मग दोघं ओट्यावर उन्हात तुळतुळीत डोकी घेऊन बसले. मी खूप हसले. खूप दिवसांनी हसले. रात्रीच्या गाडीनं मुकुल परत गेला.

सरांनी आज पोळीचा चतकोर खाल्ला. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा.

बुधवार, २९ जानेवारी

दुपारी यांचं अंग पुसून बाहेर आले तर पुढच्या खोलीत दोन बायका भिंतीला टेकून बसलेल्या. दार मीच उघडं ठेवलं असणार. साध्या लुगड्यातल्या, पोक्त. यांच्याकडचं गणगोत अफाट आहे, मी काय सगळ्यांना ओळखते थोडीच. पाणी विचारलं, नको म्हणून हात हलवला. सरांची चौकशी नाही, आत डोकावणं नाही. नुसत्या माझ्याकडे बघत बसल्या. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि खरं सांगायचं तर मला रडू आलं. किती दिवसांत माझ्या पाठीवरून कोणी हात फिरवला नव्हता.

मग उठल्या आणि काही न बोलता गेल्या. म्हटलं, चला, कागद वाचणारं कोणीतरी भेटलं.

सालेहाआपांना विचारलं, कुठल्या होत्या त्या? त्या जिन्याशी बसून मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "कोणी बी आलं नाही वहिनी. मी हितंच बसून राहिले ना दुपारपासून."

शुक्रवार, ३१ जानेवारी

आज पुन्हा, चार-पाच जणी. वयस्कर होती ती माझ्याजवळ सरकून म्हणाली, "लई चांगला माणूस होता बाई." माझं डोकं फिरलं. होता काय म्हणता, आत झोपलेत ते, आहेत, असं जवळजवळ ओरडलेच. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. कीव येते तसं. मी वेड्यासारखं बोलतेय आणि चालायचंच, असं.

आतून सरांनी हाक मारली, कोण आलंय, त्यांना चहा टाक. एकीचीही मान वळली नाही. पाच हातांवर एक माणूस बोलतोय आणि या बायकांना ऐकू येत नाही.

त्या गेल्यावर ओट्यावर एक झाकलेला डबा होता. भाकरी आणि घट्ट वरण, बिनफोडणीचं. वाटलं, आपांनी ठेवला. दिवसभर चूल पेटवायचं त्राण नव्हतं, बसून सगळं खाल्लं. डबा घासून वर द्यायला गेले तर आपा म्हणाल्या, हा आमचा नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं, म्हणजे मला नीट कळेल.

दुपारी लातूरहून लताताई आल्या. लता माझी नणंद, सरांची धाकटी बहीण. दारात पाऊल टाकलं, आत नजर फिरवली आणि जागच्या जागी खाली बसून हंबरडा फोडला. "दादा रे—" म्हणून. मी धावले, तर माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या, मला कळवलं पण नाहीत वहिनी, शेवटचं तोंड पण बघू दिलं नाही. आतून सरांचा आवाज आला, "अगं लते, हाय मी अजून." मग त्या रडता रडता हसायला लागल्या, सरही हसले, मीच तेवढी हसले नाही.

सकाळी त्यांनी मोबाइलवर मुकुलचा फोटो बघितला होता, डोकं भादरलेला. बाप असताना मुलाचं डोकं भादरलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. फोन लागेना म्हणून तशाच निघाल्या. आणि दारात उभं राहून जे दिसलं ते एकेक मला बोटांनी दाखवलं. जमिनीवरची गादी, दक्षिणेकडे पाय. उशाशी पणती. झाकलेला आरसा. माझे मोकळे हात. घरात फोडणीचा वास नाही, दहा दिवस सुतकात नसतो तसा. आणि दारावर कागद, चहापाणी नाही, निरोप घेऊ नका. मयताच्या घरी बसायला गेलेलं माणूसच तर "येतो" न म्हणता उठतं.

खिडकीची दिशा मी कधी बघितलीच नव्हती.

माणसाच्या सोयीसाठी मी एकेक गोष्ट केली. मायेनं केली. आणि मांडून ठेवलं ते सुतकाचं घर. मग सुतकाला येणाऱ्या आल्या, त्यात त्यांचं काय चुकलं? डबा घेऊन आल्या, पहिल्या दिवशी शेजारचे आणतात तो कडू घास. तो मी खाल्ला. नवरा जिवंत असताना.

लताताईंना त्या बायकांबद्दल बोलले नाही. संध्याकाळी त्या निघताना मी दारात हात धरून ठेवला आणि "येते" म्हणेपर्यंत सोडला नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

मी शाळेत पोरांना भूत नसतं म्हणून शिकवणारी बाई आहे. हे लिहून ठेवते आणि पुढचं लिहिते.

सकाळी बांगड्या भरल्या. आरसा उघडा केला. गादी फिरवली, ट्यूब लावली, कागद फाडला. सरांनी उन्हात आल्यासारखे डोळे झाकले. दुपारी फाटकाची कडी वाजली. सात-आठ जणी आणि मागं दोन पुरुष, खांद्यावर पंचा टाकलेले. ओट्याच्या पायरीपर्यंत आल्या. बांगड्या वाजवल्या, तरी थांबल्या नाहीत. मी आत पळाले, कढईत तेल ओतलं आणि मोहरी टाकली. तडतडली, जिरं, लसूण, सुकी मिरची, सगळं घर खोकायला लागलं.

बाहेर येऊन बघितलं तर पायरीवरून उतरून फाटकाबाहेर उभ्या होत्या. फोडणीच्या घरात सुतकी माणसं बसत नाहीत. मी जिंकले!

आत सर ओकत होते. पाणीसुद्धा ठरलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रोज दुपारी फोडणी. रोज दुपारी उलटी. पाठीला मुंग्या आल्यासारख्या कळा, गोळीही बाहेर पडते. आज दवाखान्यात सलाइन लावलं. वजन इतकं घटलं आहे की पुढची केमो देता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. पोटात काय जातंय, असं मलाच विचारलं. मी फरशीकडे बघत बसले.

फोडणी दिली तर हे जेवत नाहीत. नाही दिली तर ते आत येतात. दोन्हीकडून मीच यांना मारतेय.

सालेहाआपांनी वर त्यांच्या घरात फोडणी करून बघितली माझ्यासाठी. कारण विचारलं नाही. पण वर केलेली चालत नाही. याच घरात लागते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज सरांना सगळं सांगितलं. हसतील वाटलं होतं. नाही हसले. हात हातात घेतला, म्हणाले की तू दमली आहेस, तुझा जीव मी जायच्या आधीच रडून घेतोय. मी म्हटलं, दिसतात मला. म्हणाले, दिसत असतील, मी नाही म्हणत नाही.

मग थोड्या वेळानं विचारलं, उन्हात उभे आहेत का ते? हो म्हटलं. म्हणाले, बरं दिसत नाही. आपल्या दारात माणसं उन्हात उभी.

मी कढई चढवली.

सोमवार, १० फेब्रुवारी

दोन दिवस पोटात काही नाही. ओठ फुटलेत. कढईचा आवाज आला तरी अंग चोरतात — माझ्या हाताला घाबरतात. मला घाबरतात.

फाटकाबाहेर रस्त्याच्या वळणापर्यंत उभे आहेत. गप्प. त्यांना घाई नाही.

आपांना दाखवलं. त्यांनी खिडकीतून बघितलं, मग माझ्याकडे. रिकामा रस्ता आहे वहिनी, म्हणाल्या. मला जवळ घेऊन बसल्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी हाक मारली. भूक लागली म्हणाले.

भूक. महिन्याभरात पहिल्यांदा. मऊ भात, साधं वरण, वर लिंबू. "फोडणी नको गं. आजच्या दिवस नको."

मी काय करू —

दुपार

कुकर लावला. कढई मोरीत पालथी घातली. दार लावलं, कडी घातली, वर खुर्ची.

जेवतायत. पचनाची कॅप्सूल घेतली आणि जेवतायत. एक घास, दोन, पुन्हा मागितलं. काय छान झालंय म्हणाले. वाटी पुसून खाल्ली. देवा, किती दिवस मी हे —

कडी वाजली नाही. दार उघडंच आहे.

आत आलेत. भिंतीला लागून बसतायत. मी वर बघणार नाही म्हणून लिहीत बसलेय. लिहीत राहिले की बघावं लागत नाही. जागा पुरत नाही इतके आहेत. कोणी बोलत नाही. पाठीवर तोच हात आहे. आज जड आहे —

सर बोटं चाटतायत. विचारतायत, आले का सगळे? मी नाही म्हटलं. तर म्हणाले, दिसतायत की.

दिसतायत. यांना दिसतायत.

वर बघितलं. आज कोणी माझ्याकडे बघत नाही. सगळे यांच्याकडे —

उठले. सगळे एकदम. "येतो" म्हटलं नाही कोणी.

सरही उठले. दोघांनी धरल्याशिवाय कूस बदलत नाहीत, ते उठले — हात धुतले — चपला शोधतायत. आठवडाभर बिनचहाची गेली माणसं, म्हणतात, निदान वळणापर्यंत पोचवू दे.

मला उठता येत नाही. हात दाबून आहे पाठीवर.

अहो. उंबऱ्याशी आलात. मागं बघा. जाताना म्हणायचं असतं — कुलपालासुद्धा म्हणालात ना — मला पण म्हणा — नुसतं येतो म्ह